चौथ्या पेटीतली काडी

दाजींनी चौथ्या पेटीचा मागचा पत्रा काढला, तेव्हा शेवटचा स्क्रू हातून निसटला आणि फरशीवरून घरंगळत कंपनीच्या माणसाच्या बुटाशी जाऊन थांबला. त्याने तो उचलला, गुडघ्यावर बसून पेटीच्या आत डोकावलं आणि म्हणाला,

"अगंबाई!"

दारात उभ्या असलेल्या दोन नर्स हसू दाबत पळाल्या. कंपनीचा माणूस तिशीतला, उंच, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला. जन्मला परक्या देशात, पण त्याची आई इथली. इथली भाषा तो तिच्याकडूनच शिकला होता, स्वयंपाकघरात बसून, दुसऱ्या कुणाचं बोलणं कधी कानावर न पडता. त्यामुळे तो तोंड उघडायचा तेव्हा आतून एखादी पन्नाशीची बाई बोलते आहे असं वाटायचं. दोन दिवसांत सगळ्या दवाखान्याला त्याचा लळा लागला होता.

"हा पंखा कसला?" त्याने विचारलं.

"शिवणयंत्राची मोटर आहे ती."

"आणि ही काळी पट्टी?"

"सायकलची ट्यूब. दार घट्ट बसत नव्हतं."

"ही डबी?"

"साबणाची. पाणी ठेवायला. आतली हवा ओलसर राहिली पाहिजे ना, नाहीतर पोरांची कातडी सुकते."

त्या माणसाने फोटो काढले. वरून, खालून, बाजूने. मग हातातल्या फॉर्मवर काहीतरी लिहिलं, खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

"आणि हे अकरा वर्षं चाललं?"

"चालत नव्हतं," दाजी म्हणाले. "चालवलं."

बोलता बोलता त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला आणि परत आला. खिशात गोळ्यांची जुनी पत्र्याची डबी होती. सकाळपासून हात असा किती वेळा गेला होता, त्याला गणती नव्हती.

दाजी म्हणजे दवाखान्याचे मिस्त्री. नवजात मुलांच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर त्यांच्या मेहुणी. त्या दाजी म्हणायच्या म्हणून नर्स म्हणू लागल्या, मग डॉक्टर, मग झाडूवाली, मग पेशंटचे नातेवाईकसुद्धा. बायको जाऊन पंचवीस वर्षं झाली, पण दाजी हे नातं सगळ्या इमारतीने उचलून धरलं होतं.

अकरा वर्षांपूर्वी परक्या देशाच्या सरकारने या देशावर निर्बंध घातले. दोन सरकारांचं काय बिनसलं होतं ते रेडिओवर रोज सांगत, पण दवाखान्यापर्यंत पोचलं ते एवढंच, की सामान येणार नाही. औषधं आणि दवाखान्याची यंत्रं त्यातून वगळली आहेत असं कागदावर होतं. पण कागद दाखवला की बँक म्हणायची जहाजवाल्याला विचारा आणि जहाजवाला म्हणायचा बँकेला विचारा. वॉर्डातल्या सहा काचेच्या पेट्या त्याच देशाच्या. अपुऱ्या दिवसांची पोरं त्यांत उबेला ठेवत. एकेक भाग मरत गेला आणि दाजी मिळेल ते लावत गेले.

लोकांनाही सवय झाली. बस उशिरा आली, निर्बंध. दूध नासलं, निर्बंध. न्हाव्याने एक कल्ला वर आणि एक खाली कापला तरी आरशात बघून गिऱ्हाईक म्हणायचं, "असू दे, निर्बंधांचा काळ आहे." दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी रेडिओवर सांगितलं, की त्या देशाच्या अध्यक्षांनी सही केली, निर्बंध उठले. रस्त्यावर गाड्यांनी तासभर हॉर्न वाजवले. न्हावी म्हणाला, "मेलो. आता केस नीट कापावे लागणार."

परवा ट्रकमधून सहा नव्या पेट्या आल्या. पोरं त्यांत गेली. जुन्या सहा पेट्या शेजारच्या सामानाच्या खोलीत ओळीने उभ्या केल्या. कंपनीचा नियम असा, की तिचं नाव असलेल्या यंत्रात बाहेरचं काय काय बसवलं होतं त्याची नोंद करायची, प्रत्येक भाग तपासायचा आणि मग यंत्र मोडीत काढायचं. त्यासाठी त्या माणसाने एक पाण्याची टाकी आणली होती, जेमतेम बादलीएवढी. तिच्यात म्हणाल तेवढी उष्णता ती धरून ठेवायची, केसभरसुद्धा इकडेतिकडे नाही.

"आता काड्या," तो म्हणाला. "एक एक द्या, बघू."

काडी म्हणजे पेटीच्या आतली उष्णता मोजणारी बोटभर लांबीची धातूची नळी. या पेट्यांचा खरा जीव तीच. मूळच्या काड्या पहिल्या दोन वर्षांतच गेल्या. दाजींनी अंडी उबवायच्या यंत्रांतून काढून आणल्या, बेकरीच्या भट्टीतून आणल्या आणि वायरीला बारीकसारीक भाग डकवून पेट्यांशी जुळवल्या. जुळल्या, पण नीट नाही. पहिली पेटी तीन अंश जास्त दाखवायची, तिला नर्स थापाडी म्हणत. दुसरी अर्धा तास उशिरा दाखवायची, ती म्हातारी. चौथी दोन अंश कमी दाखवायची, म्हणून चोरटी. चोरटीचा काटा तेहतीसवर लावला की आत पस्तीस होतात, हे नव्या नर्सला पहिल्याच दिवशी शिकवत. वहीत मात्र नेहमी खरा आकडा लिहायचा. समोर तेहतीस दिसले तरी वहीत पस्तीस. कुठल्या पेटीला किती मिळवायचे आणि किती वजा करायचे याचा तक्ता मोठ्या सिस्टरांनी स्वतःच्या हाताने लिहून भिंतीला लावला होता. दाजी त्या तक्त्याला हात लावत नसत आणि मोठ्या सिस्टर स्क्रूला. दोघांचं तसं ठरलेलं होतं आणि त्यावर वॉर्ड चालला होता.

कंपनीच्या माणसाने सहाही काड्या तपासल्या. प्रत्येकीचा आकडा तक्त्याशी ताडून बघितला आणि मान हलवत राहिला.

"शाबास हो," तो म्हणाला. "चूक आहेत, पण जेवढ्या सांगितल्या तेवढ्याच चूक आहेत. झालं? आणखी काही?"

दाजींनी खिडकीतून खाली बघितलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. मग खिशातली डबी काढून टेबलावर ठेवली आणि लगेच तिच्यावर हात ठेवला.

"ही एक आहे," ते म्हणाले. "चौथीचीच. जुनी. एकच दिवस वापरली होती."

*

दाजींची मुलगी काल संध्याकाळी आली होती. ती शाळेत शिकवते, राहते दवाखान्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. त्याच्या उंबऱ्याच्या आत ती सहसा येत नाही. वडिलांकडे महिन्यातून एकदा, कामापुरती. जेवायला-बसायला जाते ती मावशीकडे. मोठ्या सिस्टरांनीच तिला वाढवलं होतं, आई गेल्यावर, स्वतः लग्न न करता. तिच्या घरातला पंखा बिघडला तर ती चौकातल्या दुकानातून माणूस बोलावते. दाजी जिना चढून जाताना तो माणूस एकदा उतरताना भेटला होता, हातात पक्कड. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला होता.

"कंपनीचा माणूस काड्या तपासतोय म्हणे," ती काल म्हणाली होती.

"हो."

"तीही तपासा."

दाजींनी कुठली असं विचारलं नाही.

"तुम्ही ठेवलीय. मावशी म्हणाली."

"ठेवलीय."

"मग तपासा. मी उद्या तीनला येते, शाळा सुटली की."

"पोरी, नऊ वर्षं झाली. आता कळून काय…"

"काय ते कळू दे," ती म्हणाली. "मला एवढंच सांगा, ती काडी बरोबर होती की चूक. निर्बंध उठले ना? आता निर्बंध म्हणू नका."

नऊ वर्षांपूर्वी तिची पहिली मुलगी सातव्या महिन्यात झाली. चौथ्या पेटीत ठेवली. त्याच्या आधी आठवडाभर दाजी चौथीच्या मागे लागले होते. एक नवी काडी मिळाली होती, ती वायरीचे तुकडे बदलून बदलून त्यांनी जुळवत आणली आणि त्याच दुपारी बसवली. संध्याकाळी बस पकडून घरी गेले. रात्री ड्युटीवर मोठ्या सिस्टर स्वतः थांबल्या, दुसऱ्या कुणाच्या भरवशावर सोडवेना म्हणून. सकाळी नात गार पडली होती.

वहीत तासातासाला पस्तीस लिहिलं होतं. रात्रभर पस्तीस. म्हणजे पेटी पस्तीस दाखवत होती आणि आत गार होत होतं. म्हणजे काडी खोटं बोलली. डॉक्टरांनी दाजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही काय करणार? खरी काडी मिळाली असती तर ही वेळ आली नसती. निर्बंध." शेजारी म्हणाले, निर्बंध. मोठ्या सिस्टर भिंतीला टेकून रडल्या. दाजींनी ती काडी त्याच सकाळी उपसून काढली, आधीचीच परत बसवली आणि घरी आल्यावर मुलीला तेच सांगितलं जे सगळे सांगत होते. ती तेव्हा त्यांच्याकडे एकटक बघत होती.

दुसरं मूल व्हायच्या वेळी ती दुसऱ्या शहरात गेली.

*

"ही रात्रभर टिकेल का ते बघायचंय," दाजी म्हणाले.

कंपनीच्या माणसाने काडी उजेडात धरली. तिच्या शेपटाला चार ठिकाणी डाग दिलेले, बारीक तारा गुंडाळलेल्या.

"रात्रभर कशाला? सहा तास पुरे. यंत्र मिनिटामिनिटाला लिहून ठेवतं."

"पण नऊ वर्षं डबीत पडून होती. तेव्हा बिघडली असेल आणि आता…"

"छे हो! बिघडलेली काडी डबीत पडून सुधारत नाही. आज नीट चालली तर तेव्हाही नीटच चालत होती. आज घसरली तर मग सांगता येत नाही." त्याने काडी चौथ्या पेटीच्याच आकडे दाखवणाऱ्या पाटीला जोडली, टाकीत सोडली, पस्तीसवर लावली. "आता नऊ वाजलेत. तीनला या."

दाजी बाहेर आले. जिना उतरले, अर्ध्यावर थांबले, परत चढले. नव्या पेट्यांना कंपनीने कागदी सील लावलं होतं, मागच्या पत्र्यावर, लाल अक्षरांत. ते सील फोडलं तर कंपनी जबाबदार नाही. सहा पेट्यांमागून त्यांनी चक्कर मारली. एकीही कुरकुरत नव्हती. त्यांना कुठे हात लावायची सोयच नव्हती.

"दाजी, पोरांना गुदगुल्या होतायत, जा ना पलीकडे," एक नर्स म्हणाली. "सकाळपासून नऊ चकरा झाल्या."

"मोजतेस कशाला? तुला दुसरं काम नाही?"

"नव्या पेट्या आल्यात, काम कुठून असणार? मिळवायचं नाही, वजा करायचं नाही. हिशेब विसरून जाईन मी."

मोठ्या सिस्टर दुसऱ्या टोकाला एका पोराचा लंगोट बदलत होत्या. साठीला आल्या होत्या, पुढच्या वर्षी निवृत्ती. हात मात्र अजून असे, की पोराला कळायच्या आत काम झालेलं असायचं.

"घातली का टाकीत?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"घातली."

"बसा. चेहरा बघा तुमचा."

"बसवत नाही."

"मला विचाराल तर नको होतं हे." त्यांनी पोराला पेटीत ठेवलं, खिडकी लावली. "ती हट्टी आहे, ताईसारखी. पण निघून निघून काय निघणार? काडी गेलेली निघणार. ते आपल्याला माहीतच आहे. मी रात्रभर डोळ्यांत तेल घालून बघत होते दाजी, दर तासाला आकडा लिहीत होते. तुमच्या हातात चांगली वस्तू असती तर तुम्ही वाईट लावली असती का?"

"तिला तसं वाटत नाही."

"तिला काय वाटतं?"

दाजी पुन्हा सामानाच्या खोलीपर्यंत गेले आणि दाराच्या काचेतून बघितलं. पाटीवर पस्तीस. त्यांना बरं वाटलं आणि लगेच भीती वाटली. आता आहे, तीनला काय? त्या रात्रीही आधी असेलच की. ते खाली गेले, नळावर तोंड धुतलं, वर आले. पस्तीस. बाराला डबा उघडला, दोन घास घेतले, बंद केला. पस्तीस. एकला कंपनीचा माणूस जेवून आला आणि त्यांना दारात बघून म्हणाला, "काळजी करण्यासारखं काय आहे हो त्यात? काडी तर आहे."

"नाही, काही नाही."

त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

दोन वाजता त्यांनी ठरवलं, की काडी चूक निघाली तर मुलीला काय सांगायचं. अडीचला ठरवलेलं सगळं विसरलं. पावणेतीनला कंपनीच्या माणसाने खोलीतूनच हाक मारली,

"दाजी! अहो, इकडे या! ही काडी कुणी केली?"

दाजी आत गेले तेव्हा मोठ्या सिस्टर तिथेच होत्या, जुन्या पेट्या ताब्यातून सोडल्याच्या फॉर्मवर सह्या करत.

"का? काय झालं?"

"काय झालं काय विचारता! हे बघा तरी." त्याने त्याच्या यंत्राचा पडदा त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर एक रेघ होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, फूटपट्टी लावून ओढल्यासारखी. "पस्तीस. पाच तास. मग मी तेहतीसला आणलं, मग सदतीसला नेलं. जिथे न्यावी तिथे बरोबर. आमच्या कारखान्यातून येतात त्यातल्याही सगळ्या अशा नसतात. आणि ही तुम्ही पेटीतून काढून डबीत ठेवलीत? कशी हो माणसं तुम्ही!"

दाजींनी टेबलाची कड धरली.

"म्हणजे बरोबर होती."

"अगदी. पाटीवर दिसेल तोच आतला आकडा. काही मिळवायचं नाही, काही वजा करायचं नाही."

दाजी मागच्या खोक्यावर बसले. सकाळपासून पहिल्यांदाच बसले. त्यांना एकदम भूक लागली. तीनला ती येईल. तिला सांगायचं. रेघ दाखवायची. ती काही बोलणार नाही कदाचित, पण बघेल तरी.

"काहीच मिळवायचं नाही?" मोठ्या सिस्टरांनी विचारलं.

"नाही सिस्टर."

"म्हणजे चौथीवर तेहतीस दिसले तर?"

"तर आत तेहतीसच."

मोठ्या सिस्टरांनी पेन फॉर्मवर ठेवलं. ते घरंगळलं, त्यांनी धरलं नाही. कोपऱ्यातल्या बेसिनपाशी जाऊन त्यांनी नळ सोडला आणि हात धुवायला लागल्या.

कंपनीच्या माणसाचा फोन वाजला. "आईचा आहे," तो म्हणाला आणि बोलत बोलत जिना उतरून गेला.

दाजी मोठ्या सिस्टरांच्या पाठीकडे बघत राहिले. पांढरा कोट, मानेवर सुटलेले दोन-तीन केस. तेव्हा त्यांना जिना आठवला. त्या दुपारी ते खाली उतरत होते आणि ती वर येत होती, हनुवटीपर्यंत धुतलेल्या चादरींची चळत. चार पायऱ्या खाली गेल्यावर त्यांनी मागे वळून सांगितलं होतं, "चौथीला आता काही मिळवू नकोस गं, सरळ झाली ती." वरून कुणीतरी तिला हाक मारत होतं. "बरं," ती म्हणाली होती. की त्या हाकेला बरं म्हणाली होती? बस सुटायला पाच मिनिटं होती. ते चार पायऱ्या परत चढले नव्हते. तक्त्यावर 'चोरटी, दोन मिळवा' तसंच राहिलं होतं. तो तक्ता तिचा, म्हणून त्यांनी हात लावला नव्हता. नंतर वहीतला पस्तीस बघितला आणि काडीच गेली असं सगळ्यांबरोबर त्यांनीही धरलं. जिना त्यांना कधी आठवावाच लागला नव्हता.

चौथीचा काटा त्या रात्री तेहतीसवर होता. पेटी तेहतीस सांगत होती. वहीत पस्तीस लिहिले जात होते, दर तासाला, नीट अक्षरांत.

नळ चालूच होता. हात धुऊन झाले होते, तरी चालू होता.

"ऐक," दाजी म्हणाले.

जिन्यावर पावलं वाजली. मुलगी दारात उभी राहिली, खांद्याला शाळेची पिशवी, बोटांना खडू. तिने मावशीच्या पाठीकडे बघितलं, मग वडिलांकडे. पडद्याकडे तिचं लक्ष गेलं नाही. तिथे काय बघायचं असतं ते तिला माहीतही नव्हतं.

"झालं?"

"झालं," दाजी म्हणाले. ते उठून तिच्या आणि टेबलाच्या मधे उभे राहिले.

"मग?"

"चूक होती."

"किती?"

"दोन अंश."

मुलीने पिशवी खाली ठेवली. तिच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून दाजींनी अंग आक्रसून घेतलं होतं. राग आला नाही.

"नऊ वर्षं," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले निर्बंध. शेजारी म्हणाले निर्बंध. तुम्हीसुद्धा. त्या अध्यक्षाला मी शिव्या द्यायचे रात्री पडल्या पडल्या. त्याला माहीत तरी होतं का, की चौथी पेटी म्हणून काही आहे? तुम्ही सगळे असं बोलायचात की त्या रात्री इथे कुणी माणूस नव्हताच."

"होता. मी होतो." दाजी म्हणाले. "माझं चुकलं, पोरी. मी बसवली ती काडी. नीट बघून जायला हवं होतं, पण मला बस गाठायची होती. निर्बंध वगैरे काही नाही. माझं चुकलं."

ती पुढे आली आणि त्यांच्या शर्टाच्या बाहीवर लागलेला वंगणाचा डाग नखाने खरवडू लागली. तो निघणारा नव्हता. तरी ती खरवडत राहिली.

"सकाळपासून काही खाल्लंत का?" तिने विचारलं.

"खाल्लं थोडं."

"काय खाल्लं? तोंड बघा केवढंसं झालंय. चला घरी."

दाजींनी मान हलवली. तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याचा भरवसा नव्हता. त्यांनी तिची पिशवी उचलली आणि दाराकडे वळले. तिला इथून बाहेर काढायचं, बाकी सगळं नंतर.

मागे नळ बंद झाला.

"दाजी," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. हातांवरून पाणी ठिबकत होतं, त्यांनी ते पुसलं नव्हतं. "तुम्ही जरा बाहेर थांबा."

"अगं, आम्ही निघालोच होतो. ती दमून आलीय शाळेतून."

"तिला राहू दे. तुम्ही बाहेर थांबा."

"काही गरज नाहीये," दाजी म्हणाले. "मी सांगितलंय तिला. झालं ते. आता कशाला…"

"ऐकलं मी तुम्ही काय सांगितलंत ते."

मुलगी एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होती. "काय गं मावशी? काय झालं? हात का नाही पुसलेस?"

"जा ना दाजी," मोठ्या सिस्टर म्हणाल्या, अगदी हळू, वॉर्डात पोरं झोपलेली असताना बोलायच्या तशा.

दाजी बाहेर आले. दार त्यांच्या मागे लागलं. पिशवी त्यांच्या हातातच राहिली होती. कॉरिडॉरच्या भिंतीला बाक होता, ते त्याच्यापाशी गेले, बसले नाहीत, परत दाराशी आले. काचेतून बघायचं नाही असं ठरवून काचेकडे पाठ करून उभे राहिले.

कंपनीचा माणूस फोन खिशात घालत जिना चढून आला. "आईला सांगितलं तुमच्या काडीचं," तो म्हणाला. "म्हणते, त्यांना माझा नमस्कार सांग. माझा फॉर्म राहिलाय आत, तेवढा घेतो हं."

दाजींनी हात आडवा धरला.

"आत्ता नको," ते म्हणाले.

तो त्यांच्या तोंडाकडे बघून थांबला. काय झालं असं त्याने विचारलं नाही, बहुधा तेही आईकडूनच शिकला असावा. तो दाजींच्या शेजारी भिंतीला टेकून उभा राहिला.

आतून स्टूल ओढल्याचा आवाज आला. मग दुसरं ओढल्याचा.